तिसरा हात

सेकोंडीच्या मासळीबाजाराकडं उतरणारा रस्ता
जिथं कोपरात वाकतो, तिथं दोन टपऱ्या.
समुद्राच्या अंगाची लाल, क्वेकू एसिल्फीची.
टेकडीच्या अंगाची निळी, मान्सा टर्कसनची.
दोन्ही मीच रंगवल्या, एकाच आठवड्यात, एकाच शिडीवरून,
आणि दोन्ही कंपन्यांना सांगितलं, तुमचाच रंग उठून दिसतो.

खोटं नव्हतं ते.
लाल उठून दिसायचा तो समोरच्या निळ्यामुळं.

क्वेकूच्या पाटीवर मिनिट आठ पेसेवा झालं
की दुसऱ्या सकाळी मान्सा ओल्या फडक्यानं पाटी पुसून सात लिहायची.
त्याच्याकडं रात्री बारानंतर बोलणं फुकट,
तर तिच्याकडं अकरापासून.
त्या वर्षी निम्मी पोरं वर्गात पेंगत होती
आणि वस्तीत तीन लग्नं ठरली.
अट्टा कोळी दोन फोन गळ्यात बांधून हिंडायचा,
लाल बायकोसाठी, निळा बर्फवाल्यासाठी;
बोटीत अदलाबदल झाली
की बर्फवाल्याला ऐकू यायचं, जेवलीस का गं?

मान्सा रस्त्यापलीकडून ओरडायची,
क्वेकू, तुझं नेटवर्क म्हणजे कुजक्या दोरीचं जाळं!
तो म्हणायचा, तुझ्या टॉवरवर बगळा तरी बसतो का?
मी शिडीवर.
मला दोघंही केंके द्यायचे.

मग अक्रात कुठल्याशा थंडगार हॉलात
दोन माणसांनी हात मिळवले.
पेपरात फोटो आला. त्यातच गुंडाळून मला तळलेली मासळी मिळाली,
म्हणून कळलं.

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, असं म्हणतात.
दोघांचा समेट झाला तर तिसऱ्यानं काय करावं
हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.
अट्टानं खिसा चाचपला. एक फोन विकला.

रंगाचे डबे आले.
लाल आणि निळा मिळून जांभळा,
हे माझ्या धाकट्या अराबालाही ठाऊक.
झाकण उचकटलं तर आत राखाडी.
ढवळून पाहिलं.
तळापर्यंत राखाडी.

डब्यांसोबत चिठ्ठी: एका वळणावर एकच टपरी.
दुसरी मोकळी करावी.
कुठली, ते लिहिलं नव्हतं. ते त्यांनी खाली सोपवलं होतं,
म्हणजे रस्त्यावर, म्हणजे या दोघांवर,
म्हणजे, ब्रश माझ्या हातात होता म्हणून, माझ्यावर.

त्या दुपारी दोघं पहिल्यांदा एका बाकावर बसले.
मिनिट आता बारा पेसेवा. इकडंही बारा, तिकडंही बारा.
पुसायला काही नाही;
मान्साचं फडकं वाळून पापडासारखं झालेलं.
क्वेकू म्हणाला, तुझी सावलीत आहे, तुझी राहू दे.
ती म्हणाली, वर चढणारं गिऱ्हाईक तुलाच आधी दिसतं.
इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकांच्या मालाला
एकदाही बरं म्हटलं नव्हतं.
मला ते ऐकवेना.

उठलो, नाण्यानं लाल फळी खरवडली,
रिचार्जचं कार्ड खरवडतात तशी.
लालखाली केशरी निघाला, केशरीखाली पोपटी.
त्याही कंपन्याच होत्या. तेही हात माझेच.
मग लाकूड लागलं.
आकडा काही निघाला नाही.

राखाडीचा पहिला हात मी पातळ मारलाय, दोन्ही टपऱ्यांना.
साहेबानं विचारलं तर सांगेन, हवा दमट आहे, वाळायला वेळ लागतो.
ऊन तिरकं झालं की आतला लाल अजून दिसतो,
आणि पलीकडं निळा.
दुसरा हात उद्या मारीन, किंवा परवा.
तिसऱ्याचे पैसे
त्यांनी दिलेलेच नाहीत.